माचीवरचा बुधा आपल्या गावातही आहे

शेतकऱ्याला कसला आलाय एकटेपणा? चारी बाजूंना हिरवे रान, डोक्यावर मोकळे आभाळ, गोठ्यात जनावरे. एकटेपणा हा शहरातल्या बंद दाराआडचा रोग, तो आपल्याकडे कशाला येईल? असा एक समज आपल्या मनात घट्ट बसलेला आहे. पुण्या-मुंबईचे पाहुणे पावसाळ्यात येतात, नाणेघाटाचा वारा खातात, भीमाशंकरच्या धुक्यात भिजतात आणि जाताना म्हणतात, "तुम्ही नशीबवान हो, एवढा निसर्ग दाराशी!" आपणही मान हलवतो. पण जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेला एखाद्या वाडीवर भर दुपारी चक्कर मारा. दहा घरांतल्या सहा घरांना कुलूप दिसेल. उरलेल्या चार घरांच्या ओट्यावर कोण बसलेले असते, हे आपल्याला सांगायला नको.

या पानावर आपण नेहमी बाजारभाव, फवारणी, खतांचे डोस आणि अनुदानाचे अर्ज यांविषयी वाचता. आज थोडे वेगळे बोलायचे आहे, ते म्हणजे गोष्टी-कादंबऱ्यांविषयी. "साहेबांना काय काम उरलं नाही का?" असे कोणी म्हणेल. पण मंडळी, एकटा पडलेला माणूस आणि त्याला सावरणारे रान, हा विषय मोठमोठ्या लेखकांनी हाताळला आहे, आणि त्यातला एक तर आपल्या शेजारच्या मावळातलाच आहे. या गोष्टी नीट वाचल्या, तर त्या पाहुण्यांसारखे बोलत नाहीत. निसर्ग पाहिला की मन बरे होते, असे त्या सांगत नाहीत. रानाशी, मातीशी, मुक्या जनावराशी रोजचे काम असावे लागते आणि त्या कामातून माणूस पुन्हा माणसांत यावा लागतो, असे त्यांचे सांगणे आहे. हे आपल्या गावांना आज फार लागू पडते, म्हणून हा लेखनप्रपंच.

बुधाची गोष्ट

गो. नी. दांडेकर, म्हणजे आपले गोनीदा (१९१६-१९९८). त्यांचे वास्तव्य तळेगाव दाभाड्याला होते. सह्याद्रीचे किल्ले त्यांनी पायांखाली घातले होते. त्यांची 'माचीवरला बुधा' ही कादंबरी लोणावळ्याच्या अंगाला असलेल्या राजमाची किल्ल्यावर घडते. बुधा हा म्हातारा. आयुष्य मुंबईत गेलेले. तिथे माणसांचा महापूर, पण त्याच्याशी दोन शब्द बोलायला कोणी नाही. म्हातारा सगळे सोडून राजमाचीच्या माचीवर परत येतो आणि एकटाच राहू लागतो. रानातली झाडे, पाखरे, जनावरे हेच त्याचे गणगोत होते.

वाचणाऱ्याला वाटते, आता हा म्हातारा एकटा कसा राहणार? पण बुधा पाहुणा म्हणून आलेला नाही. तो तिथे राहायला आलेला आहे. दिवस उगवला की त्याला उठावे लागते, कारण त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले जीव आहेत. मुंबईत त्याच्यावाचून कोणाचे काही अडत नव्हते, माचीवर अडते. माझ्या मते या कादंबरीचा गाभा हाच आहे. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, ही भावना म्हाताऱ्या माणसाला जेवढी उभी ठेवते, तेवढे कोणतेही टॉनिक ठेवत नाही.

आता आपल्याकडचा बुधा पाहा. तो उलट्या दिशेने जातो. भोसरी, चाकण, नाहीतर मुंबईला असलेला मुलगा म्हणतो, "आबा, आता शेती पुरे झाली, इकडे या, आराम करा." मुलाचा हेतू चांगलाच असतो. आबा जातात. दोन खोल्यांत टीव्हीसमोर बसतात. नात शाळेत, मुलगा-सून कामावर. आबांना कोणी उपाशी ठेवत नाही, कोणी टाकून बोलत नाही. तरीही सहा महिन्यांत आबा वाळतात. कारण चाळीस वर्षे ज्या हाताने वैरण टाकली, त्या हाताला कामच उरलेले नाही. गायरान, गोठा आणि खळे यांवर ज्यांची नजर फिरली, त्यांना आरामाने बरे वाटेल हे गृहीतच चुकीचे आहे. आबांना गावी ठेवायचे की शहरात न्यायचे, हा ज्या-त्या घराचा प्रश्न. पण कुठेही ठेवा, चार कुंड्या, एक वासरू, रोपांची एक वाफ, काहीतरी त्यांच्या नावावर असू द्या.

गावावर आलेला परका माणूस

दुसरी गोष्ट खास गावच्या कर्मचाऱ्यांसाठी. ग्रामसेवक, तलाठी, कृषी खात्याचा माणूस, मास्तर, आरोग्यसेविका. पदांची नावे बदलत राहतात, गावाच्या तोंडी मात्र 'भाऊसाहेब' आणि 'गुरुजी' हेच असते. बदलीच्या गावी खोली घेऊन राहणाऱ्या या माणसाचा एकटेपणा कोणाच्या हिशेबात नसतो. सकाळी सगळ्यांना दाखले हवे असतात, संध्याकाळी विचारपूस करायला कोणी नसते.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही कादंबरी १९५५ साली आली. माणदेशातल्या धनगरांच्या एका वाडीवर राजाराम सौंदणीकर नावाचा पोरसवदा मास्तर जातो. शाळेला पोरे नाहीत, कारण पोरे मेंढरांमागे. वाडीला मास्तरचा भरवसा नाही आणि मास्तरला वाडीचा. कोणाचे पत्र लिहून दे, कोणाचे भांडण मिटव, तालमीची इमारत उभी करायला हात लाव, असे करत करत तो वाडीचा होतो. माळ, मेंढरे, ऋतू आणि माणसे अशी सगळी एका गाठोड्यात बांधलेली आहेत. मास्तरला नुसत्या माळरानाने सावरले नाही. त्या माळावर जगणाऱ्या माणसांच्या अडीअडचणीत त्याने हात घातला, तेव्हा त्याचा एकटेपणा गेला.

अशीच एक बंगाली कादंबरी आहे, विभूतिभूषण बंदोपाध्यायांची 'आरण्यक'. 'पथेर पांचाली' लिहिणारे तेच हे लेखक. ते स्वतः बिहारमध्ये भागलपूरकडच्या एका जमीनदारीत नोकरीला होते. कादंबरीतला सत्यचरण हा कलकत्त्याचा शिकलेला बेकार तरुण. जंगलातल्या जमिनींचा व्यवस्थापक म्हणून त्याला नोकरी मिळते. सुरुवातीला त्याला ते रान खायला उठते. बोलायला माणूस नाही, पुस्तके नाहीत. हळूहळू रान त्याच्या अंगात भिनते. पण त्याचे कामच असे, की जंगल तोडून जमिनीचे पट्टे कुळांना वाटायचे. ज्या रानाने त्याला सावरले, तेच त्याच्या सहीने नाहीसे होते आणि त्याची बोचणी पुढे त्याला आयुष्यभर लागते. सही-शिक्क्याचे काम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी.

याच कादंबरीत युगलप्रसाद नावाचा एक माणूस आहे. तो कुठूनकुठून फुलझाडांचे बी आणि रोपे आणतो आणि जंगलात लावतो. जमीन त्याची नाही, फुले विकायची नाहीत, कोणी पाहणार नाही, शाबासकी देणार नाही. तरी लावतो. आमच्या खात्याच्या भाषेत या माणसाला कोणत्याच योजनेत बसवता येणार नाही! पण असा एखादा युगलप्रसाद बहुतेक गावात असतो. ओढ्याकाठी जांभळाची बी टोचणारा, देवळामागे बेलाचे रोप जगवणारा. लोक त्याला येडा म्हणतात. तो मात्र सहसा उदास नसतो.

सातासमुद्रापलीकडेही तेच

ही काही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. स्वित्झर्लंडच्या योहाना श्पीरी या बाईंनी १८८०-८१ मध्ये 'हायडी' ही मुलांची कादंबरी लिहिली. आल्प्सच्या डोंगरावर एक म्हातारा गावाशी फटकून एकटा राहतो. त्याच्याकडे त्याची पोरकी नात हायडी येते. डोंगर, शेळ्या, शेळ्या वळणारा पोरगा यांत ती रमते. पुढे तिला फ्रँकफर्ट शहरात एका श्रीमंताच्या आजारी मुलीची सोबत म्हणून पाठवतात. तिथे खाण्यापिण्याची चंगळ, पण पोर झुरते, रात्री झोपेत चालू लागते. डॉक्टर निदान करतो की हिला डोंगराची आणि घराची ओढ लागली आहे, परत पाठवा. ती परत येते आणि बरी होते. इथपर्यंत गोष्ट सगळ्यांना आवडते. पण पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. इतकी वर्षे डोंगरावर एकटा राहिलेला तो म्हातारा नातीमुळे खाली गावात उतरतो आणि गावाशी समेट करतो. म्हणजे नुसत्या डोंगराने म्हाताऱ्याला बरे केले नव्हते. डोंगर तर त्याच्याकडे पहिल्यापासून होताच!

१९११ साली आलेली फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची 'द सीक्रेट गार्डन' ही तर बागायतदारांनी वाचावी अशी. भारतात जन्मलेली एक इंग्रज मुलगी, मेरी. पटकीच्या साथीत आईबाप जातात. तिला इंग्लंडला काकाच्या वाड्यात पाठवतात. तुसडी, हट्टी, कोणाला नकोशी. तिथे तिला दहा वर्षे कुलूप लागलेली एक बाग सापडते. ती तण काढते, माती भुसभुशीत करते, कोंब वर येताना पाहते. एका गावठी पोराची मदत घेते, एका चिडक्या म्हाताऱ्या माळ्याशी मैत्री करते. अंथरुणाला खिळलेल्या आतेभावाला बागेत आणते आणि तो पायावर उभा राहतो. कादंबरी आहे, तेव्हा थोडे सोडून द्या. पण खुरपणीने चित्त जाग्यावर येते, हे आपल्या आयाबायांना पुस्तक न वाचताही ठाऊक आहे. एका ओळीत चार बायका खुरपायला बसल्या की तण आणि मनातली जळमटे एकदमच निघतात.

अमेरिकन लेखक हेमिंग्वे याच्या म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट पु. ल. देशपांडे यांनी 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणली आहे. चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेला हा कोळी भर समुद्रात एकटा आहे. तो माशाशी बोलतो, पाखराशी बोलतो, स्वतःच्या हाताशी बोलतो. आपल्यालाही यात नवल वाटणार नाही. नांगर धरलेला माणूस बैलांशी दिवसभर बोलायचा. "चल रं राजा, एवढी एक कानी होऊ दे." ट्रॅक्टर आला, काम तासाभरात उरकले, हे चांगलेच झाले. पण बोलणे बंद झाले, त्याचा हिशेब आपण केला नाही. बैलगाडा शर्यती सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१४ च्या निकालानंतर बंद होत्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये न्यायालयाने त्या कायद्याने ग्राह्य धरल्या. मधल्या काळातही आपल्या तालुक्यांत अनेकांनी बैल विकले नाहीत, तोट्यात सांभाळले. कोणी त्याला हौस म्हणेल, कोणी इभ्रत. मला त्यात सोबतही दिसते.

निसर्ग नुसता गोड नाही

आता दुसरी बाजू. 'निसर्गाच्या कुशीत जा, दुःख विसराल' असे सरसकट सांगणाऱ्यांना आपल्या तालुक्यांतून एकदा फिरवून आणले पाहिजे.

३० जुलै २०१४ ला सकाळी माळीणवर डोंगर कोसळला. १५१ माणसे गेली. जी वाचली, त्यांचे घर, गोत आणि शेत एका सकाळीत गेले. पुढे आमडे येथे नवे माळीण वसले आणि एप्रिल २०१७ मध्ये लोकांच्या ताब्यात घरे आली. पण ज्याच्या घरातली माणसे डोंगराने नेली, त्याला "डोंगराकडे बघ, बरं वाटेल" असे कोण म्हणेल? ३ जून २०२० च्या चक्रीवादळाने आपल्या पश्चिम पट्ट्यात हिरड्याची झाडे मोडली. आदिवासी कुटुंबांचे उन्हाळ्यातले हक्काचे पैसे बाळहिरड्यावर अवलंबून असतात. त्या वादळाचे नाव काय होते? निसर्ग!

आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे, ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. कचेरी घोडेगावला आणि नाव आंबेगावचे, हे बाहेरच्याला कोडे वाटते. माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज, येडगाव आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी पूर्वेकडे मळे फुलवले, हे खरे. ज्यांची गावे बुडाली, त्यांच्या देवळाबरोबर आणि पाणवठ्याबरोबर शेजारही फुटला, हेही तितकेच खरे. घराची किंमत सरकारी कागदावर येते, शेजाराची येत नाही.

आणि बिबट्या. ऊस वाढला, बिबट्याने उसातच संसार मांडला. माणिकडोहच्या निवारा केंद्रात पकडलेले बिबटे ठेवले जातात, पण शिवारातले बिबटे काही संपलेले नाहीत. पूर्वी माणूस जेवण करून मारुतीच्या पारावर जायचा, चार गोष्टी करून यायचा. आज मळ्यात राहणारे कुटुंब दिवेलागणीला दार लावून घेते. पोरे अंगणात खेळत नाहीत, म्हातारी शेजारी बसायला जात नाही. बिबट्याने किती शेळ्या नेल्या याचा पंचनामा होतो. त्याने किती घरांचे येणे-जाणे तोडले, याचा पंचनामा होत नाही.

गोनीदांची 'जैत रे जैत' आठवा. जब्बार पटेलांनी १९७७ साली त्यावर सिनेमा केला आणि महानोरांची गाणी घरोघरी गेली. त्यातले ठाकर डोंगराला देव मानतात, आणि त्याच डोंगरावरच्या मधमाश्या त्यांच्याशी वैर धरतात. बनगरवाडीतही शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. चांगल्या लेखकांनी निसर्गाला कधी नुसते गोड दाखवलेले नाही. तो देतो आणि नेतोही. मग माणसाला टिकवते काय? नेल्यानंतर शेजारी बसायला येणारा माणूस टिकवतो.

आपले एकटे कोण?

एकटा म्हणजे फक्त म्हातारा असे समजू नका. रात्रीच्या पाळीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला एकटा जाणारा तरुण एकटा आहे. तिशी उलटूनही 'शेतीवाला नको' म्हणून लग्न न जमलेला मुलगा एकटा आहे, आणि तो पारावर चेष्टेचा विषय होतो म्हणून आणखी एकटा आहे. नवरा कंपनीत आणि मळ्यातल्या घरात पोरे, गुरे, सासूसासरे सांभाळणारी सून एकटी आहे. टोमॅटोचे भाव पडल्यावर नारायणगावच्या मार्केटमधून गाडीभाडेही न सुटता परत आलेला शेतकरी तर त्या रात्री घरातल्या सगळ्यांत बसूनही एकटा असतो. उधारीवाल्याला तोंड चुकवायचे म्हणून तो दुकानावर जात नाही, लग्नाला जात नाही, हळूहळू कुठेच जात नाही.

या सगळ्यांच्या दाराशी निसर्ग आहेच की! मग तो त्यांना का सावरत नाही? कारण आपले रानाशी असलेले नाते बरेचसे हिशेबाचे उरले आहे. एकरी खर्च किती, उतारा किती, भाव काय. हिशेब पाहिजेच, मी रोज शेतकऱ्यांना नोंदी ठेवा म्हणून सांगतो. पण ज्या शेतात फक्त देणी दिसतात, ते शेत माणसाला बरे कसे करील? दुसरे कारण, पूर्वीचे रानातले काम चारचौघांत व्हायचे. पश्चिमेकडे भात आवणीला सावड होती. आज माझे, उद्या तुझे. डोंगरउतारावर एकमेकांच्या मदतीने भातखाचरे काढायची पडकईची रीत होती. त्यात घामाबरोबर गप्पा होत्या, भाकरी एकत्र सोडली जायची. मजुरी आणि यंत्र आले, तशी ही सोबत गेली. आहुप्याकडच्या देवरायांकडे पाहा. ती झाडे टिकली, कारण ती एकट्याची नव्हती, गावाची होती.

करता येण्यासारखे

नुसते बोलून काय उपयोग? खर्च न लागणाऱ्या किंवा थोडक्यात होणाऱ्या काही गोष्टी सुचवतो.

पहिली, शेतीशाळा. आमच्या खात्यातर्फे पिकाच्या शेतीशाळा होतात. बांधावर बसून पिकाचे निरीक्षण करायचे, किडी मोजायच्या, मित्रकीटक ओळखायचे. पत्रक भरले की संपले, असे करू नका. ज्याचे पीक गेले आहे, जो हल्ली येत नाही, त्याला मुद्दाम घेऊन या. त्याचेच शेत निरीक्षणाला निवडा. वीस माणसे आपल्या बांधावर आली, आपल्याला विचारतात, ही गोष्ट खचलेल्या माणसाला फार मोठी असते.

दुसरी, सावड पुन्हा सुरू करा. सगळ्या कामांना नाही जमणार. पण आवणी, हिरडा वेचणी, कांदा लागवड, यांपैकी एखाद्या कामाला चार घरांनी ठरवावे. बचत गटाच्या भगिनींनी मनावर घेतले तर हे पुरुषांच्या आधी होईल, याची मला खात्री आहे. रात्री पाणी द्यायला जाताना दोघांनी मिळून जावे. बिबट्याच्या दृष्टीनेही ते बरे आणि मनाच्या दृष्टीनेही.

तिसरी, झाड माणसाच्या नावाने द्या. ग्रामपंचायती दरवर्षी वृक्षलागवड करतात. त्याच खड्ड्यात दरवर्षी, असा विनोदही होतो! त्याऐवजी गावातल्या पन्नास म्हाताऱ्या माणसांना एकेक झाड सांभाळायला द्या. शाळेचे एक पोर त्यांना जोडून द्या. पाणी पोराने घालायचे, राखण आजोबांनी करायची. झाडही जगेल आणि आजोबाही. शाळेची परसबाग असेल तर तिथे गावातल्या जाणत्या आजीला बोलवा. गवारीचे बी किती खोल टोचायचे, हे तिच्याइतके कोणाला कळते?

चौथी, वाचनालय. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा. अनेक गावांत अनुदानाचे वाचनालय आहे, पण ते कुलुपात. सरपंच आणि भाऊसाहेबांनी ते संध्याकाळी दोन तास उघडे ठेवावे. 'माचीवरला बुधा', 'बनगरवाडी', 'जैत रे जैत', 'एका कोळियाने' ही पुस्तके तिथे असावीत. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा शाळेतल्या मुलीने मोठ्याने वाचावे. पारायणाची सवय आपल्या गावांना आहेच. दुसऱ्याच्या गोष्टीत आपले दुःख सापडले की माणूस बोलता होतो. "मला एकटं वाटतं" असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही, लाज वाटते. पण "त्या बुधाचं खरंय गड्या" असे तो म्हणू शकतो. गोष्टींचा खरा उपयोग हाच.

आणि शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एकटेपणा वेगळा आणि मनाचा आजार वेगळा, पण पहिल्यातून दुसरा होतो. झोप उडाली, जेवण सुटले, "आता जगून काय करायचं" असे बोलणे सुरू झाले, तर झाड लावून किंवा पुस्तक वाचून भागणार नाही. डॉक्टर पाहिजे. सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. दारू हा एकटेपणावरचा उपाय समजून घरे बसली आहेत. आपल्या ओतूरचे डॉ. अनिल अवचट आणि त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तिथून अनेक माणसे घरी परत आली आहेत. आजारी माणसाला तिथपर्यंत नेण्यात कमीपणा मानू नका. आणि कृषी खात्याचा माणूस म्हणून एक कळकळीची विनंती. कीटकनाशके घरात उघडी ठेवू नका. पेटीत ठेवा, कुलूप लावा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. वाईट क्षण येतो आणि जातो. त्या क्षणाला बाटली हाताशी नसली, तर माणूस राहतो.

निसर्ग आपल्या दाराशी आहे, हे पाहुण्यांचे म्हणणे खोटे नाही. पण दार उघडून आत येणारा शेजारीही लागतो. बुधाला माची मिळाली. आपल्या गावातल्या बुधाला माची तर आहेच, त्याला विचारपूस पाहिजे. तेव्हा या आठवड्यात एवढे करा. कुलपे लागलेल्या आळीत ज्या घरात एकच चूल पेटते, त्या घरी जा. काम काढून जा. बियाणे मागायला जा, आंब्याचे कलम कसे बांधतात ते विचारायला जा. सल्ला द्यायला नको, सल्ला मागायला जा. चहा मिळेल आणि त्या घराला दोन दिवस पुरेल एवढे बोलणे होईल.